विजासनचं बिऱ्हाड

चिमूर तालुक्यात वाढलेल्या माणसाला गुंफा म्हटलं की एकच चित्र दिसतं. रान, कातळ, आत एकटा बसलेला साधू आणि बाहेर कुठेतरी वाघ. याचं कारण गोंदेडा. तुकडोजी महाराजांनी कोवळ्या वयात रामदेगीच्या आणि गोंदेड्याच्या रानात साधना केली, हे आमच्याकडे पोराला बाराखडीच्या आधी कळतं. गोंदेड्याच्या यात्रेला बैलगाडीतून, मग ट्रॅक्टरमधून आणि आता मोटारसायकलवरून जाणारी माणसं त्या गुंफेत डोकावतात, हात जोडतात आणि बाहेर येऊन म्हणतात, 'एकटे कसे राह्यले असतीन महाराज!'

हे 'एकटे' डोक्यात घेऊनच मी पहिल्यांदा भद्रावतीची विजासन लेणी पाहिली, आणि म्हणूनच ती मला पुष्कळ वर्षं समजली नाही. पुढची पानं लिहायला बसलो, ती त्या गैरसमजाची भरपाई म्हणून.

शाळेची सहल होती. चिमूरहून निघालेली एसटी शेगाव, वरोरा करत भद्रावतीला पोचेपर्यंत निम्म्या पोरांचे डबे रिकामे झाले होते. निघताना आजीने बजावलं होतं, "थे भुयार होय, बापू. सीधं चांद्याच्या किल्ल्यात निंगते. आत जाशीन नोको." त्यामुळे टेकडीच्या पोटातलं ते काळं दार दिसल्यावर आमच्यातले धीट पुढे झाले आणि मी गुरुजींचा सदरा धरला. आत वटवाघळांचा वास, पायाखाली गार दगड, आणि चालत राहिलं तरी न संपणारी वाट. शेवटी गुरुजींनी बॅटरी वर केली तर समोर एक प्रचंड माणूस बसलेला. कुणीतरी ओरडलं, सगळे मागे पळाले. चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा, किल्ला काही लागला नाही.

आजीचं चुकलं होतं, पण अगदीच चुकलं नव्हतं. विजासनची लेणी दिसते भुयारासारखीच. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात इथे आला, त्यालाही तिचा आराखडा विलक्षण वाटला. दारातून एक दालन सरळ डोंगरात घुसतं, 71 फूट. दोन एसटी गाड्या एकापुढे एक उभ्या केल्या तर भरेल इतकं. त्याच्या टोकाला गाभारा आणि गाभाऱ्यात बैठकीवर बसलेला भव्य बुद्ध. दाराजवळच डावीकडे आणि उजवीकडे काटकोनात आणखी दालनं फुटतात, आणि त्यांच्या शेवटीही गाभारा आणि मूर्ती. वरून पाहता आलं असतं तर क्रूसासारखा आकार दिसला असता. अजिंठ्याचा विहार पाहिलेल्या माणसाला हे खटकतं. तिथे मध्ये चौकोनी मंडप, सभोवती खांब आणि तिन्ही भिंतींत भिक्षूंच्या खोल्या, वाड्याच्या चौकासारखं. इथे चौकच नाही. सगळी माजघरं आणि सगळे बोळ.

असं का, याचं एक उत्तर दगडात आहे. सह्याद्रीची लेणी बेसॉल्टची, म्हणजे लाव्ह्याच्या थरांची. हा दगड कठीण असतो, पण एकसंध. मोठं छत खांबांवर पेलून धरतो. वर्धा नदीच्या या खोऱ्यात मात्र गोंडवनी थर आहेत: खाली कोळसा, वर वालुकाश्म. भद्रावतीच्या आसपास आज ज्या कोळशाच्या खाणी चालतात, त्या याच थरांत. वालुकाश्म छिन्नीला लवकर वश होतो, पण तो पाणीही पितो आणि कणाकणाने झडतो. अशा दगडात रुंद मंडप खोदण्यापेक्षा अरुंद, लांब दालन खोदणं शहाणपणाचं. खोदणाऱ्यांनी हाच विचार केला असेल असं शपथेवर सांगता येत नाही. पण दगड ओळखणारे कारागीर होते एवढं नक्की. त्याच दगडाचा दुसरा परिणाम मूर्तींच्या चेहऱ्यांवर दिसतो. नाक, ओठ, बोटं झिजून गेली आहेत. बसण्याची ढब तेवढी राहिली आहे आणि ती इतकी ठाम आहे की चेहरा नसल्याचं थोड्या वेळाने लक्षातही येत नाही.

काळाबद्दल बोलताना मात्र जपून बोललं पाहिजे. गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी. म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. चांदा जिल्ह्यात सापडलेल्या सातवाहन नाण्यांत यज्ञश्रीची नाणी आहेत, तेव्हा त्याची सत्ता इथवर होती यात शंका नको. प्रश्न मूर्तींचा आहे. कार्ले, भाजे, नाशिक इथल्या त्या काळच्या लेण्यांत बुद्धाची मूर्ती नसते; स्तूप असतो, बोधिवृक्ष असतो, रिकामं आसन असतं. दगडातला बसलेला बुद्ध पश्चिमेकडच्या लेण्यांत ठळकपणे येतो तो पाचव्या शतकापासून, महायानाच्या लाटेबरोबर. विजासनच्या तिन्ही दिशांना मूर्तीच आहेत. मग दालनं आधीची आणि मूर्ती नंतरच्या, की सगळंच नंतरचं? मला पहिली शक्यता जास्त पटते, कारण विहार एका पिढीत खोदून संपत नसे. पण ती माझी पसंती आहे, पुरावा नाही. भिंतींवर अक्षरांचे अवशेष होते, त्यांनी हा वाद मिटवला असता. ती अक्षरंच आता कुणाला नीट वाचता येत नाहीत.

या परिसराला जुन्या काळाची उणीव नाही. नागभीडकडच्या देवटेकला एकाच शिळेवर दोन लेख सापडले. एक प्राण्यांना पकडू आणि मारू नये असं फर्मावणारा, संशोधक वा. वि. मिराशींनी तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा मानला. दुसरा चौथ्या शतकातल्या वाकाटक राजा रुद्रसेनाचा, त्यात चिक्कंबुरी इथल्या धर्मस्थानाचा उल्लेख आहे. हे चिक्कंबुरी म्हणजे शेजारचं चिकमारा. उत्तरेला पवनीला 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाने जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा मातीखालून मोठा स्तूप निघाला. तिथल्या एका खांबावर मुचरिंद नाग कोरला आहे, बुद्धावर पावसात फणा धरणारा. खुद्द भांदकला, म्हणजे भद्रावतीला, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचा शके 694 चा, म्हणजे 772 चा ताम्रपट मिळाला. वेरुळचं कैलास लेणं करवणारा तोच कृष्ण. जगातल्या सगळ्यात मोठ्या कोरीव देवळाच्या धन्याचं दानपत्र आमच्या शेजारच्या गावात पुरलेलं होतं, ही गोष्ट मला वयाच्या चाळिशीपर्यंत कुणी सांगितली नव्हती.

भांदकच्या नावावर आणखी एक शिलालेख आहे आणि तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. सूर्यघोष नावाच्या राजाचा लाडका मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून गेला. त्या दुःखात राजाने बुद्धाचं मंदिर बांधलं. पुढे ते मोडकळीला आलं तेव्हा पांडुवंशातल्या भवदेव रणकेसरीने त्याचा जीर्णोद्धार केला. अभ्यासक कीलहॉर्नने 1905 मध्ये हा लेख छापला. दगड पुष्कळ काळ भांदकचा मानला जात होता. पुढे तो मूळचा छत्तीसगडातल्या आरंगचा ठरवला गेला, आणि आता बहुतेक अभ्यासक त्याच बाजूचे आहेत. भद्रावतीची माणसं तो सोडायला तयार नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. पण लेणी मोठी दाखवायला दुसऱ्या गावाचं दुःख उसनं आणायची गरज नाही, म्हणून या पुस्तकात त्या दगडावर प्रकरण घेतलेलं नाही.

तीच गोष्ट ह्युएन त्संगची. सातव्या शतकात हा चिनी भिक्षू कोसल देशात आला. तिथे शंभर संघाराम आणि दहा हजारांच्या आसपास भिक्षू आहेत असं त्याने लिहून ठेवलं. राजधानीचं नाव दिलं नाही, आणि मग दीडशे वर्षं विद्वान ती शोधत बसले. कनिंगहॅमचा कौल चांदा-भांदककडे होता, कुणी वैरागड म्हटलं, आता सिरपूरचं पारडं जड आहे. राजधानी कुठलीही असो, त्याने सांगितलेली एक हकिकत प्रत्येक लेणीच्या दारात आठवावी अशी आहे. सातवाहन राजाने बौद्ध आचार्य नागार्जुनासाठी एका डोंगरात पाच मजली विहार खोदायला घेतला. काम अर्ध्यावर असताना खजिना संपला, तेव्हा नागार्जुनाने दगडांवर औषधाचे थेंब शिंपडून त्यांचं सोनं केलं. विहार पुरा झाला, डोंगरावरून आत पाणी खेळवलं, मजल्यामजल्यावर मूर्ती बसवल्या. पुढे भिक्षूंमध्ये भांडण लागलं. ते न्याय मागायला राजाकडे गेले, तेवढ्यात दुसऱ्यांनी विहार बळकावून दार बंद करून टाकलं. ह्युएन त्संगच्या वेळी त्याची वाटही कुणाला माहीत नव्हती. आत कुणी आजारी पडलं तर वैद्याला नेत, पण जाता-येता त्याचं तोंड झाकून, म्हणजे रस्ता कळू नये.

सोन्याचे दगड सोडून द्या. भांडण, पाणी आणि वैद्य या तीन गोष्टी कल्पनेतून येत नाहीत. जिथे पन्नास माणसं एका छताखाली वर्षानुवर्षं राहतात, तिथेच हे तिन्ही प्रश्न उभे राहतात.

आणि इथेच माझी गोंदेड्याची सवय मला आडवी आली होती. गुंफा एकट्याची असते, विहार संघाचा. 'संघाराम' हा शब्द आमच्या तालुक्याला अनोळखी नाही. ताडोब्याच्या बफरमधल्या रामदेगीच्या डोंगराला एका बाजूचे लोक राम-सीतेच्या वनवासाची जागा मानतात, तर दुसऱ्या बाजूचे संघारामगिरी म्हणतात आणि तिथे धम्माचा मोठा मेळावा भरतो. पण तो शब्द उच्चारताना आपण त्याचा अर्थ पाहत नाही. संघाचा आराम, म्हणजे संघाची बाग, संघाच्या मुक्कामाची जागा. एकांत शोधणाऱ्याला इतकी लांबरुंद जागा खोदून हवी कशाला?

विनयपिटकात राजा बिंबिसार बुद्धासाठी जागा शोधतो तो प्रसंग आहे. त्याची अट साधी: गावापासून फार दूर नको, फार जवळही नको; दिवसा लोकांना ये-जा करता यावी, रात्री गलका नसावा. मग त्याने वेळुवन दिलं. विजासनच्या टेकडीवर उभं राहून गावाकडे पाहिलं की ही अट जशीच्या तशी समोर दिसते. खाली वस्ती, तळी, आज रेल्वेचं स्टेशन. स्टेशनच्या पाटीवर अजून भांदकच लिहिलेलं आहे. सकाळी भिक्षापात्र घेऊन उतरावं आणि ऊन चढायच्या आत परत यावं इतकंच अंतर. हे रान सोडून गावाच्या उशाला येऊन बसलेले लोक होते.

त्यांचा खरा मुक्काम पावसाळ्यात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्षूने हिंडायचं नाही, कारण पायाखाली कोवळं गवत आणि किडामुंगी मरते. याला वर्षावास म्हणतात. आपल्याकडचा श्रावण ज्याने पाहिला आहे, धानाच्या बांध्या भरल्यावर पांदण कशी होते ते ज्याला माहीत आहे, त्याला या नियमामागचं दुसरं, जमिनीवरचं कारण वेगळं सांगायला नको. तीन महिने कोरडी जागा हवी. डोंगराच्या पोटातली सगळ्यांत कोरडी.

आणि तीन महिने खायचं काय, नेसायचं काय? विजासनच्या दात्यांची नावं गेली, पण नाशिकच्या लेण्यांत एक हिशेब दगडावर शिल्लक आहे. उषवदात नावाच्या दात्याने तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. दोन हजार कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच वापरायचं. दोन हजारांवर वर्षाचे होतात दोनशे चाळीस, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. गुणून पाहा, एक पैसा इकडे-तिकडे नाही. नागभीड-पवनीकडच्या कोष्ट्यांच्या वस्तीत हा हिशेब मी एकदा सांगितला, तर एक म्हातारे विणकर बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे आमच्या मागावर भंत्यांची चीवरं चालत होती?" मी म्हटलं, नाशिकच्या मागावर तरी चालत होती. इथेही असंच काही असणार, नाहीतर दगड खोदून पिढ्यान्‌पिढ्या कुणी राहत नाही.

मग ते गेले. कधी आणि का, यावर मी भारीभक्कम परिच्छेद लिहू शकत नाही. व्यापाराचे रस्ते बदलले, राजांची दानं देवळांकडे वळली, भिक्षू कमी झाले. भद्रावतीत पुढे भद्रनागाचं देऊळ गाजलं, नागपंचमीची यात्रा भरू लागली. जैनांचं पार्श्वनाथ तीर्थ उभं राहिलं. गवराळ्याच्या टेकडीवर गणपती बसला. गावाने आपला इतिहास महाभारताला जोडून घेतला. जैमिनीच्या अश्वमेधातली युवनाश्व राजाची भद्रावती ती हीच, भीमाने श्यामकर्ण घोडा पळवला तो इथूनच, असं आजही सांगतात. (घोडा आम्हा चिमूरकरांना परका नाही. बालाजीची घोडायात्रा आम्ही वर्षाला भरवतो. त्यामुळे ही कथा ऐकताना उगाचच आपलेपणा वाटतो.) रिकामी झालेली लेणी भुयार झाली. माझी आजी जे सांगत होती ते त्या मधल्या शतकांचं ज्ञान होतं.

लेणी रिकामी पडणं मात्र नेहमी शेवट नसतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी एळापुरी, म्हणजे वेरुळच्या लेण्यांत महिनोन्‌महिने राहिले, हे लीळाचरित्रात आहे. बौद्ध भिक्षूंनी सोडलेल्या दगडी खोल्यांत महानुभावांचा संप्रदाय आकाराला येत होता. आणि आमच्या बाजूला, 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. ती दीक्षा घेऊन गावी परतलेल्या माणसांना विजासनचं भुयार पुन्हा विहार दिसू लागलं. चेहरा नसलेल्या मूर्तीपुढे पुन्हा मेणबत्ती लागली. ज्यांच्या आज्यांनी 'आत जाशीन नोको' म्हटलं होतं, त्यांच्या नाती पांढरी लुगडी नेसून बुद्धपौर्णिमेला आत जातात आणि एकाहत्तर फूट चालून त्रिसरण म्हणतात. लेणी पाहायला येणारे आणि लेणीकडे येणारे असे दोन लोक तिथे आज भेटतात. पहिल्यांच्या गळ्यात कॅमेरा असतो, दुसऱ्यांच्या हातात फुलं. मी स्वतः कोणत्या रांगेतला, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

या पुस्तकात काय आहे ते थोडक्यात सांगतो. पहिल्या भागात लेणीचा नकाशा आणि दालनादालनाचं वर्णन आहे. ते वाचूनच आत जावं, कारण आत वाचण्याइतका उजेड नाही. दुसऱ्या भागात भद्रावतीतली बाकीची स्थळं आहेत, डोलारा तलावातल्या दगडी खांबांच्या जुन्या पुलापासून चंडिकेच्या देवळापर्यंत. तिसऱ्यात पवनी, देवटेक आणि रामदेगी. चिमूरहून एका दिवसात सगळं होत नाही, दोन दिवस काढा. वरोऱ्याला मुक्काम सोयीचा पडतो.

काही सूचना. पावसाळ्यात दालनात पाणी झिरपतं, पाय घसरतो, मार्गशीर्ष-पौषात जा. मोबाईलचा उजेड शेवटच्या मूर्तीपर्यंत पुरत नाही, चांगली बॅटरी घ्या. मूर्तीला तेल, शेंदूर, चुना काहीही लावू नका. वालुकाश्म ते पितो आणि पापुद्रे सुटतात. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत आहे, तेव्हा भिंतीवर नाव कोरणं हा गुन्हाही आहे. शतकांपूर्वीची अक्षरं जिथे झडून गेली, तिथे स्वतःचं नाव लिहायची हौस होते कशी, हे मला कळलेलं नाही, पण होते.

आणि एक विनंती. कुणाच्या घरी शाळेच्या जुन्या सहलीचा, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा विजासनचा फोटो असेल, त्यात दाराजवळची भिंत आली असेल, तर तो भिंगाखाली एकदा पाहा. रेघा दिसल्या, अक्षरासारखं काही दिसलं, तर फोटो फेकू नका. चंद्रपूरच्या किंवा नागपूरच्या एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकाला नेऊन दाखवा.

चिमूर,
आषाढ पौर्णिमा